मिळेल ते आधी, अडेल ते मागाहून

पेन ड्राइव्ह लावला की विंडोज कधीकधी साळसूदपणे विचारतं: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? झेरॉक्सच्या दुकानात, डीटीपीच्या टेबलावर, कॉलेजच्या लॅबमध्ये हा चौकोन पाहून भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. आत कुणाच्या लग्नाचे फोटो असतात, कुणाचा प्रबंध असतो, दिवाळी अंकाची छपाईला निघालेली पानं असतात. घाबरलेला माणूस एकतर घाईत ‘हो’ म्हणतो, नाहीतर ड्राइव्ह काढतो, लावतो, दुसऱ्या पोर्टात खुपसतो, शेवटी चेकडिस्क चालवून दुरुस्तीच्या मागे लागतो. दोन्ही मार्ग घातक. शेवटच्या घटका मोजणाऱ्या ड्राइव्हकडे वाचनं मोजकीच उरलेली असतात. ती कोणत्या क्रमानं खर्चायची, हा डेटा रिकव्हरीतला कळीचा प्रश्न आहे. त्याचं शिस्तशीर उत्तर 2004 पासून एका छोट्या, फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामकडे आहे. त्याचं नाव ग्नू डीडीरेस्क्यू.

आधी रोग्याची ओळख करून घेऊ. फ्लॅश मेमरी ही तोशिबा कंपनीतले संशोधक फुजिओ मासुओका यांची देणगी. तिचं पहिलं रूप त्यांनी 1984 मध्ये जगापुढे मांडलं, आणि आज पेन ड्राइव्हमध्ये असते ती नँड जातीची फ्लॅश 1987 मध्ये. 2000 साल संपता संपता आयबीएमनं इस्रायलच्या एम-सिस्टिम्सनं बनवलेला ‘डिस्कऑनकी’ विकायला काढला. त्याच वर्षी सिंगापूरच्या ट्रेक कंपनीचा ‘थंबड्राइव्ह’ही बाजारात आला. डिस्कऑनकीची क्षमता होती 8 एमबी, म्हणजे जेमतेम साडेपाच फ्लॉप्यांचा माल, पण तो किल्ल्यांच्या जुडग्यात मावत होता.

नँडमध्ये माहिती राहते ती इलेक्ट्रॉनच्या रूपात, चारही बाजूंनी कोंडलेल्या इवल्याशा सेलमध्ये. जुन्या एसएलसी चिपमध्ये एका सेलला विद्युतभाराच्या दोनच पातळ्या ओळखायच्या असत. आजच्या टीएलसीमध्ये त्याच जागेत आठ पातळ्या ओळखाव्या लागतात. स्वस्ताई आली ती यातूनच, आणि नाजूकपणाही. एसएलसीचा सेल सुमारे लाख वेळा पुसून लिहिता येई. टीएलसीची मजल साधारण हजाराच्या आसपास संपते. त्यात ड्राइव्ह वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिला तर भार हळूहळू झिरपतो आणि पातळ्या एकमेकींत मिसळू लागतात. चिपसोबत बसवलेला कंट्रोलर गणिती दुरुस्ती-संकेतांच्या जोरावर चुकलेले बिट सुधारत राहतो. चुका त्याच्या आवाक्याबाहेर गेल्या की तो हात वर करतो, आणि संगणकाला ‘रीड एरर’ मिळते.

अशा ड्राइव्हवरून फाइली एकेक करून ओढायला गेलं की पहिल्या खराब जागेशी सगळं थिजतं. युनिक्सवाल्यांकडे ड्राइव्हची सेक्टरन् सेक्टर नक्कल करणारी डीडी ही आज्ञा 1974 पासून आहे, पण पहिली चूक आली की तीही थांबते. थांबू नकोस असं बजावलं, तर खराब जागी शून्यं भरत ती सरळ पुढे रेटत राहते. वाटेत दलदल लागली तर तिथेच तासन् तास रुतते. आणि पलीकडच्या धडधाकट भागापर्यंत पोचण्याआधीच ड्राइव्ह मान टाकू शकतो.

आंतोनिओ दिआझ दिआझ यांनी सी प्लस प्लस भाषेत लिहिलेल्या डीडीरेस्क्यूनं हा क्रमच उलटा केला. आंबे उतरवताना हाताला लागतात ते आधी काढावेत, शेंड्यावरच्यांसाठी झेला मागाहून लावावा, तसं. पहिल्या टप्प्यात तो मोठे घास घेत पळतो: एका वेळी 128 सेक्टर, म्हणजे 64 किलोबाइट. कुठे चूक आली, किंवा वेग फारच मंदावला, की तिथे न रेंगाळता तो उडी मारून पुढे जातो, आणि पुढेही खराबच लागलं तर उडी दुप्पट लांब घेतो. एका टोकाला पोचला की दुसरी फेरी उलट्या दिशेनं करतो. त्यामुळे खराब पट्ट्याच्या पलीकडचा चांगला भाग मागच्या बाजूनं हाती लागतो. राहिलेल्या जागांसाठी आणखी फेऱ्या होतात. दुसऱ्या टप्प्यात, जिथे घास फसला त्या प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही कडांकडून एकेक सेक्टर वाचत, चूक लागेपर्यंत आत सरकायचं. तिसऱ्यात उरलेला गाभा सेक्टरामागून सेक्टर खरवडायचा. आपण सांगितलं असेल तरच चौथ्या टप्प्यात, जे मुळीच वाचता आलं नाही त्यावर पुन्हा प्रयत्न.

आकड्यांत पाहिलं तर या क्रमाचं मोल कळतं. 32 जीबीच्या ड्राइव्हवर 512 बाइटचे सव्वासहा कोटी सेक्टर असतात. सेकंदाला 20 एमबी वेग मिळाला तर निरोगी ड्राइव्हची नक्कल अर्ध्या तासाच्या आत उरकते. पण खराब सेक्टरपाशी कंट्रोलर पुनःपुन्हा धडपडत सेकंदच्या सेकंद घालवतो, आणि असे काही हजार सेक्टर असले तर दिवस मोडतो. म्हणून सोपं सगळं खिशात पडल्यावरच अवघडाला हात.

या प्रोग्रामची खरी करामत मात्र त्याच्या वहीत आहे. तिला मॅपफाइल म्हणतात. ती साधा मजकूर असते, कुठल्याही नोटपॅडमध्ये उघडते. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी: पट्टा कुठून सुरू होतो, किती लांब आहे, आणि त्याची स्थिती दाखवणारं एक चिन्ह. प्रश्नचिन्ह म्हणजे अजून हात लावलेला नाही, तारा म्हणजे कडा तपासायच्या राहिल्या, तिरकी रेघ म्हणजे खरवडायचं बाकी, आडवी रेघ म्हणजे वाचता आलं नाही, आणि अधिकचं चिन्ह म्हणजे मिळालं. सुरुवातीला सबंध ड्राइव्हभर एकच प्रश्नचिन्ह असतं. काम पुढे सरकतं तशा अधिकच्या ओळी वाढतात आणि मधे मधे आडव्या रेघा उरतात. वीज गेली, यूएसबी निखळलं, रात्री झोपायला काम थांबवलं, तरी तीच वही देऊन पुन्हा सुरू केलं की मिळालेल्या जागेकडे प्रोग्राम ढुंकूनही पाहत नाही. पडद्यावर तो टक्केवारीसोबत शेवटचं यशस्वी वाचन होऊन किती वेळ झाला हेही दाखवतो. जाणकाराची नजर त्या आकड्यावर असते. तो वाढतच चालला, तर ड्राइव्ह बहुधा लटकला आहे.

पेन ड्राइव्हच्या बाबतीत हे हटकून घडतं. कंट्रोलर गोंधळतो, ड्राइव्ह संगणकाच्या यादीतून नाहीसा होतो, आणि मग पुढचं प्रत्येक वाचन चुकतं. अशा वेळी काम थांबवावं, ड्राइव्ह काढून जरा निवू द्यावा, परत लावावा. परत आल्यावर लिनक्समध्ये त्याचं नाव बदललेलं असू शकतं, म्हणून आज्ञा देण्याआधी ते तपासायचं. डीडीरेस्क्यूला आधी मूळ ड्राइव्ह, मग नकलेची जागा, मग वही या क्रमानं नावं द्यायची असतात. पहिली दोन उलटली तर रोगीच पुसला जाईल. म्हणून थेट एखाद्या ड्राइव्हवर लिहायचं असेल तर वेगळी परवानगी दिल्याशिवाय प्रोग्राम पुढे जात नाही. नक्कल नेहमी धडधाकट हार्ड डिस्कवर, इमेज फाइलच्या रूपात घ्यावी. ड्राइव्ह माउंट करू नये. विंडोज तर नुसता ड्राइव्ह जोडला तरी त्यावर स्वतःचा एक फोल्डर बनवून ठेवतं, आणि आजारी फ्लॅशवर तेवढं लिहिणंही नडू शकतं. चुका देणाऱ्या ड्राइव्हवर फाइल सिस्टिमची दुरुस्ती कधीही करू नका, असं डीडीरेस्क्यूची माहितीपुस्तिका निक्षून सांगते. चेकडिस्कचा मोह टाळायचा तो यासाठी.

इमेज हाती आली की मूळ ड्राइव्हला विश्रांती द्यायची आणि पुढचे सगळे प्रयोग नकलेच्याही नकलेवर करायचे. इथे क्रिस्तोफ ग्रेनिए यांचे दोन प्रोग्राम कामाला येतात. टेस्टडिस्क हरवलेलं पार्टिशन शोधतो. एफएटी32 मध्ये बूट सेक्टरची राखीव प्रत सहाव्या सेक्टरवर असते. पहिली बिघडली तर टेस्टडिस्क ही दुसरी वापरू शकतो. फाइलींची यादीच उद्ध्वस्त झाली असेल तर फोटोरेक. तो नावांच्या भानगडीत पडत नाही, मजकुराच्या खुणा ओळखतो. प्रत्येक जेपीईजी फोटो ठरावीक बाइटनं सुरू होतो; ती खूण दिसली की तिथून पुढचा भाग तो फाइल म्हणून उचलतो. फोटो मिळतात, पण ‘हळद’, ‘सप्तपदी’ ही नावं जातात आणि त्यांच्या जागी सेक्टरचा आकडा लावलेली नावं येतात. शिवाय तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली फाइल या पद्धतीनं जुळवणं अवघड जातं.

डीडीरेस्क्यूला मर्यादा आहे: संगणकाला ड्राइव्ह दिसलाच पाहिजे. ड्राइव्ह वाकून यूएसबीच्या तोंडाशी असलेले चार जोड तुटले असतील, तर बारीक सोल्डरिंग येणारा कारागीर ते जोडून देतो आणि बऱ्याचदा सगळा माल सहीसलामत निघतो. कोणत्या सेक्टरचा मजकूर चिपमध्ये नेमका कुठे आहे याचा हिशेब कंट्रोलर ठेवतो. तो हिशेबच बिघडला, की ड्राइव्ह शून्य क्षमता दाखवतो. मग मामला प्रयोगशाळेत जातो. गरम हवेनं चिप उतरवतात, तिच्या 48 पायांवरून कच्चा मजकूर वाचतात, आणि रशियाच्या एस लॅबचं पीसी-3000 फ्लॅश किंवा पोलंडच्या रुसोल्युटचं व्हीएनआर अशा साधनांवर कंट्रोलरनं केलेली सरमिसळ उलगडत बसतात. सबंध ड्राइव्ह एकाच अखंड चिपमध्ये ओतलेला असेल, तर आधी वरचं लाखेसारखं आवरण खरवडून तारा जोडायचे बिंदू शोधावे लागतात. ही कामं वेळखाऊ आणि महागडी.

काम संपल्यावर पडद्यावर 99.98 टक्के दिसलं म्हणून हुरळून जाऊ नये. 32 जीबीमध्ये राहिलेले 0.02 टक्के म्हणजे साडेसहा एमबीच्या आसपास. ते रिकाम्या जागेत असतील तर कुणाला पत्ताही लागणार नाही. व्हिडिओत असतील तर क्षणभर चित्र फाटेल. पण फोटोच्या मथळ्यातला एकच सेक्टर गेला, तर तो फोटो उघडणारच नाही. डीडीरेस्क्यूकडे यावरही सोय आहे: नकलेतल्या खराब जागी एखादा ठरावीक शब्द भरायचा आणि मग फाइलींमध्ये तो शब्द शोधायचा. ज्या फाइलींत सापडेल त्या सदोष. गिऱ्हाइकाला टक्के सांगण्यापेक्षा ही यादी द्यावी. आपलं काय गेलं ते त्याला तीच सांगते. मूळ ड्राइव्ह, इमेज आणि वही ही तिन्ही एकत्र जपून ठेवावीत. मॅपफाइलमधल्या आडव्या रेघा दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचून पाहता येतात, आणि तेव्हा काम नेमकं तेवढंच उरलेलं असतं.