रूढीचा दाखला

1956 सालच्या राज्यपुनर्रचनेत किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून निघून नांदेडला जोडला गेला, तेव्हा त्याच्याबरोबर गोंड, कोलाम, आंध आणि प्रधान या जमातींची वहिवाटही मराठी महसुली दप्तराच्या छायेत आली. आणि योगायोग असा की, त्याच वर्षीच्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने अनुसूचित जमातींना आपल्या कक्षेबाहेर ठेवून, बापामागे जमीन कुणाकडे जावी हा प्रश्न ज्याच्या त्याच्या रूढीवर सोपविला. घटनेच्या तेराव्या अनुच्छेदाने तर ‘कायदा’ या शब्दातच रूढीचा अंतर्भाव केलेला होता. इतका मान मिळालेली, परंतु कागदावर कधीच न उतरलेली आणि लग्नाच्या मांडवात वा मृताच्या दिवसकार्यात चार जाणत्यांच्या तोंडून उच्चारली जाणारी ही रूढी न्यायासनापुढे सिद्ध कुणी करावयाची, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात पुढची जवळजवळ सत्तर वर्षे गेली.

रूढी प्राचीन हवी, निश्चित हवी, अखंड हवी, ही मोजपट्टी इंग्रजी अमदानीतली. 2001 साली सूरजमणी कुजूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीच पुन्हा हाती घेतली. गावचा मुखिया म्हणजे पटला, आणि पंच माणूस पाहून, पीकपाणी पाहून निवाडा करीत. दिवाणी न्यायालयाच्या लेखी मात्र या लवचिकपणाचे नाव अनिश्चितता.

मराठवाड्यात रूढी सिद्ध करण्याच्या या प्रश्नाला जमातीच्या दाखल्याचा आणखी एक फाटा फुटला. हैदराबाद राज्यासाठी 1950 साली जाहीर झालेल्या अनुसूचीत कोळी महादेव ही जमात नव्हती. जमात ठरावीक भागातच मानण्याचे क्षेत्रबंधन दूर करणारा 1976 चा कायदा 27 जुलै 1977 पासून अमलात आला आणि नांदेडमध्ये, तसेच त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात असलेल्या लातूरकडे, दाखल्यांसाठी अर्ज येऊ लागले. आजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यावर नुसते ‘कोळी’, त्यामुळे पुढचे सगळे तोंडी. 1994 साली माधुरी पाटील खटल्यात न्यायालयाने दक्षता पथकाची चौकशी घालून दिली, तीत कुलदैवत, विवाहविधी, अंत्यविधी, मृतास पुरण्याची पद्धत हे सारे आले. अशा चौकशीत लातूरच्या शिकवणी वर्गांत वाढलेल्या मुलाला लग्नातल्या विधींविषयी विचारले, म्हणजे तो आजोबांच्या तोंडाकडे पाहतो, आणि आजोबा अधिकाऱ्याच्या लेखणीकडे. खोट्या दाखल्यावर खऱ्या आदिवासीची जागा बळकावणारेही होतेच, तेव्हा ही चौकशी निव्वळ जाच होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण तिच्यामुळे रूढी पाठांतराचा विषय झाली, हेही नाकारता येत नाही. स्थलांतराने आणि इतरांच्या सहवासाने जमातीच्या चालीरीती बदलतात, हे न्यायालयाने 2011 साली आनंद खटल्यात मान्य केले, आणि चालीरीतींवरून जमात ठरविणारी ही आप्तभाव-कसोटी निर्णायक नव्हे, हे आदिवासी ठाकूर जमात समितीच्या दाव्यात 24 मार्च 2023 रोजी तीन न्यायमूर्तींनी निःसंदिग्धपणे सांगितले. घटनापूर्व कागद पुन्हा श्रेष्ठ ठरला. ज्यांच्या घरी असा कागद होता, त्यांचे साधले.

वारशाच्या प्रश्नाला खरी कलाटणी मिळाली ती छत्तीसगडातल्या सुरगुजाच्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात. आईच्या बापाच्या जमिनीत वाटा मागणाऱ्या वारसांना, मुलीला वारसा देणारी रूढी तुम्ही सिद्ध केली नाही, असे सांगून खालच्या न्यायालयांनी परत पाठविले होते. 17 जुलै 2025 रोजी राम चरण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ओझे दुसऱ्या खांद्यावर ठेवले: मुलीला वगळणारी रूढी आहे असे ज्याचे म्हणणे, पुरावा त्याने द्यावा. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मात्र, हिंदू उत्तराधिकार अधिनियम जमातींना सरसकट लावण्याचा हिमाचल उच्च न्यायालयाचा आदेश त्याच न्यायालयाने रद्द केला. अधिनियम बाहेरच राहिला. समता मात्र आत आली. ही तडजोड मला तरी वावगी वाटत नाही.

आता किनवटकडची एखादी गोंड लेक वारसाच्या फेरफारासाठी तलाठ्यापुढे उभी राहिली आणि भावाने ‘आमच्यात लेकीला देत नाहीत’ अशी हरकत घेतली, तर प्रकरण दिवाणीत गेल्यावर ते त्याला शाबीत करावे लागेल. साक्षीला तो आणणार पटलालाच. आणि ज्याचा शब्द झाडाखाली अखेरचा होता, त्या म्हाताऱ्याला उलटतपासणीत विचारले जाईल की, ही चाल नेमकी कोणत्या सालापासूनची.