संख्या वास्तव आहे का? संगणकाला विचारताना

काल्पनिक भाग शून्य असला की संख्या वास्तव, एवढी सोपी व्याख्या गणिताच्या पुस्तकात असते. गणिती सॉफ्टवेअरमध्ये मात्र हे तपासणाऱ्या आज्ञा अनेक, आणि प्रत्येकीचा रोख निराळा.

मॅटलॅबमधील ‘इझरिअल’ ही आज्ञा मूल्याकडे पाहतच नाही. संख्या साठवताना काल्पनिक भागासाठी जागा राखली आहे का, एवढेच ती बघते. ‘कॉम्प्लेक्स’ आज्ञेने मुद्दाम तयार केलेल्या ३ + ०आय या संख्येला त्यामुळे ती वास्तव मानत नाही. डब्यातला जिन्नस न बघता वरची चिठ्ठी वाचावी, तसा हा प्रकार. मॅथेमॅटिकाची तऱ्हा आणखी गमतीची. तिथे ‘रिअल’ हे नाव फक्त दशांश चिन्हाने लिहिलेल्या संख्यांना मिळते. ३ हा ‘इंटिजर’, २/३ हा ‘रॅशनल’ आणि पाय तर नुसता ‘सिम्बॉल’! पाय वास्तव संख्यांच्या संचात आहे का, हे ‘एलिमेंट’ वापरून विचारले तरच ‘हो’ येते.

खरी पंचाईत होते ती दशांशातल्या आकडेमोडीत. क्ष³ − ३क्ष + १ = ० या समीकरणाची तिन्ही मुळे वास्तव आहेत: सुमारे १.५३२, ०.३४७ आणि −१.८७९. पण कार्दानोने १५४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूत्राने ती काढायची, तर वाट ऋण संख्येच्या वर्गमुळातूनच जाते. अशा संख्यांशी रीतसर व्यवहार कसा करायचा, हे बोम्बेल्लीने १५७२ मध्ये दाखवले. कागदावर शेवटी काल्पनिक भाग एकमेकांना रद्द करतात. संगणक साधारण सोळा अंकांपर्यंतच हिशेब ठेवतो, त्यामुळे ४ × १०⁻¹⁶ एवढा कचरा कधीकधी मागे उरतो. मग ‘काल्पनिक भाग शून्य आहे का?’ याचे उत्तर ‘नाही’ असे येते, आणि ते चूक असते.

मॅथेमॅटिकातील ‘चॉप’ ही आज्ञा हा कचरा झाडते. वेगळे सांगितले नाही तर १०⁻¹⁰ पेक्षा लहान दशांश आकडा ती शून्य धरते. उपाय सोयीचा, पण आंधळा. क्ष² − २क्ष + १ + १०⁻²⁴ = ० याची मुळे १ ± १०⁻¹²आय आहेत, म्हणजे ती खरोखरच वास्तव नाहीत. ‘चॉप’ त्यांना बिनदिक्कत वास्तव करून टाकेल.

बहुपदीचे सहगुणक अचूक ठाऊक असतील तर दशांशात शिरूच नये. स्टुर्मने १८२९ मध्ये दिलेल्या पद्धतीने निव्वळ परिमेय संख्यांच्या हिशेबावर वास्तव मुळे किती, हे निःसंशय मोजता येते.

अक्षरे आली की ‘हो’ आणि ‘नाही’ पुरत नाहीत. सिम्पाय या सॉफ्टवेअरमध्ये नुसता क्ष वास्तव आहे का असे विचारले तर उत्तर येते ‘नन’, म्हणजे सांगता येत नाही. क्ष वास्तव आहे हे आधी कळवावे लागते. यात सॉफ्टवेअरचा आळस नाही. साइन, घातांक यांसारखी फलने असलेली राशी सर्वत्र शून्य आहे की नाही, हे दरवेळी ठरवून देणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, असे रिचर्डसनने १९६८ मध्ये सिद्ध केले. काल्पनिक भागही अशीच राशी असू शकतो.