नकलेची रुजुवात

संगणकाच्या कारभारात जे अपघात घडतात, त्यांपैकी बहुतेक लाजेपोटी झाकून ठेवले जातात. त्यामुळे ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री ‘गिटलॅब’ या कंपनीवर जो प्रसंग गुदरला, त्याचा साद्यंत वृत्तान्त तिने स्वतःच जगापुढे मांडला, हे या विषयात रस घेणाऱ्यांवर उपकारच म्हटले पाहिजेत. जगभरचे प्रोग्रामर आपल्या संकेतस्थळांच्या व प्रणालींच्या फाईली ज्या मोजक्या ठिकाणी ठेवतात, त्यांपैकी हे एक. त्या दिवशी स्पॅमचा भडिमार होऊन डेटाबेसवर ताण आला, आणि मुख्य सर्व्हर व त्याची क्षणोक्षणी नक्कल करणारा दुय्यम सर्व्हर यांचा मेळ तुटला. तो पुन्हा जुळवावा म्हणून दुय्यम सर्व्हरवरील डेटा पुसून नव्याने भरण्याचे एका अभियंत्याने योजिले. आणि रात्री उशिरापर्यंत या खटपटीत गुंतलेल्या त्या गृहस्थाने पुसण्याची आज्ञा दिली ती मुख्य सर्व्हरवर. चूक ध्यानात यायला एक-दोन सेकंदच लागले. परंतु तेवढ्या अवधीत सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी अवघे साडेचार शिल्लक उरले होते.

येथवरची हकिकत शोचनीय असली तरी असाधारण नव्हे. विलक्षण भाग पुढेच आहे. कंपनीकडे बॅकअपच्या एकूण पाच तजविजी असल्याचा समज होता. दररोज डेटाबेसची पूर्ण नक्कल काढून ती दूरच्या साठवणीत पाठवली जात असे, निदान तसे सर्वांना वाटत असे. ती साठवण उघडली तेव्हा रिकामी निघाली. डेटाबेस होता पोस्टग्रेसच्या ९.६ या आवृत्तीचा आणि नक्कल काढणारे साधन चालत होते ९.२ चे, ते साधन आपली असमर्थता नमूद करून दररोज थांबे, त्याचा इशारा देणारी ई-मेलही सुटे, परंतु प्रेषकाच्या खरेपणाची जी खूण हल्ली ई-मेलवर असावी लागते ती तिच्यावर नसल्यामुळे पलीकडचा मेल-सर्व्हर तिला बाहेरच्या बाहेर परतवून लावी. डिस्कची क्षणचित्रे घेण्याची क्लाउडमधील सोय इतर काही सर्व्हरांना लागू होती, डेटाबेसच्या सर्व्हरांना नव्हती. दुय्यम सर्व्हर तर मेळ जुळवण्याच्या खटपटीत आधीच पुसला गेला होता. अखेर कामी आले ते एक निव्वळ योगायोगाचे कृत्य: त्याच अभियंत्याने सुमारे सहा तासांपूर्वी, निराळ्याच एका चाचणीसाठी, डेटाबेसचे एक क्षणचित्र हाताने काढून चाचणीच्या सर्व्हरवर नेले होते. त्या सर्व्हरच्या डिस्का मंद असल्यामुळे डेटा परत आणण्यास बराच काळ लागला, आणि हा सारा खटाटोप कंपनीने यूट्यूबवर हजारो लोकांना थेट दाखविला. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या. सुमारे ५,००० प्रकल्प, तितकेच अभिप्राय आणि ७०० नवी खाती यांना त्याची झळ लागली.

पुसण्याची आज्ञा चुकीच्या सर्व्हरवर गेली हा अपघात. पण पाच तजविजी एकाच रात्री निरुपयोगी ठराव्यात याला अपघात म्हणता येत नाही. त्या निरुपयोगी आधीपासूनच होत्या. नक्कल निघते की नाही, निघालीच तर ती अस्सलाशी ताडून पाहता जुळते की नाही, याची रुजुवात कोणी घातली नव्हती, इतकेच.

आता पुसणे म्हणजे वस्तुतः काय होते, ते पाहणे अगत्याचे आहे, कारण हरवलेल्या फाईली परत मिळण्याची सारी आशा त्यावर अवलंबून असते. संगणकाला एखादी फाईल काढून टाकण्यास सांगितले म्हणजे तो मजकुराला सहसा हातही लावीत नाही. फाईलीचे नाव आणि तिचा मजकूर डिस्कच्या कोणत्या भागांत आहे याची नोंद तेवढी रद्द करून ते भाग मोकळे असल्याचे जाहीर करतो. सातबाऱ्यावरून नाव कमी झाले म्हणून जमीन कोठे जात नाही, पण तिच्यावर दुसऱ्याचे नाव चढण्यासही मग वेळ लागत नाही, तशातलाच हा प्रकार. म्हणून फाईल गेली असे कळताक्षणी त्या डिस्कवर काहीही लिहिणे थांबवावे, फाईली परत मिळवण्याचे साधनही त्याच डिस्कवर उतरवून घेऊ नये, आणि शक्य तर संपूर्ण डिस्कची बाइटागणिक नक्कल दुसरीकडे काढून पुढचे प्रयोग त्या नकलेवर करावेत, असे या कामातले जाणकार सांगतात.

क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच प्रोग्रामरचे ‘फोटोरेक’ नावाचे विनामूल्य साधन नोंदींकडे पाहतच नाही. ते डिस्कचा सलग मजकूर वाचत जाऊन ओळखीच्या खुणा शोधते. पीएनजी प्रकारच्या चित्राचा पहिला बाइट नेहमी १३७ असतो आणि त्यापुढे पी, एन, जी ही तीन अक्षरे येतात. जेपेगचा आरंभ २५५ आणि २१६ यांनी होतो. मराठी मजकूर युनिकोडच्या रूढ यूटीएफ-८ पद्धतीने लिहिलेला असला तर त्याचीही खूण लपत नाही: देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, त्यांतला पहिला २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५. ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. डिस्कच्या निनावी पसाऱ्यात २२४ आणि १६४ हे जोडपे पुनःपुन्हा दिसू लागले की तेथे बहुधा कोणाचा तरी मराठी वा हिंदी लेख पडलेला आहे, असे समजण्यास हरकत नाही. अडचण इतकीच, की या रीतीने फाईलीचे नाव व फोल्डर परत मिळत नाहीत, आणि जी फाईल डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली होती ती पूर्ववत सांधणे बहुधा साधत नाही. शिवाय ही सवलत मुख्यतः जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कची. आजच्या एसएसडीला ‘ट्रिम’ या आज्ञेने मोकळ्या झालेल्या भागांची वर्दी दिली जाते आणि ती ते भाग सवडीने खरोखरच रिकामे करते. तेथे घटकाभराचा विलंबही भोवू शकतो.

गिटलॅबच्या प्रकरणातील एक गोष्ट सांगायची राहिली. डेटाबेस गेला, तरी लोकांनी तेथे ठेवलेल्या प्रोग्रामच्या फाईलींना धक्का लागला नाही. त्या वेगळ्या सर्व्हरांवर होत्या हे एक कारण. पण त्या सर्व्हरांचेही काही बरेवाईट झाले असते, तरी हानी बरीचशी भरून आली असती, कारण त्या ‘गिट’ या प्रणालीत होत्या. लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिहिण्यास घेतलेल्या या प्रणालीत, प्रकल्पाची प्रत उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाकडे सहसा केवळ आजच्या फाईलीच येत नाहीत, तर आरंभापासूनच्या सर्व फेरफारांचा इतिहास येतो. प्रत्येक मजकुरापासून गणिताने चाळीस चिन्हांची एक ओळख काढली जाते आणि तीच त्याचे नाव ठरते. मजकुरात एका स्वल्पविरामाचा फरक पडला तरी ओळख पार बदलते, म्हणून नक्कल बिघडली असल्यास तपासणीत ते उघडकीस येते. रुजुवात येथे साठवणीच्या घडणीतच गोवलेली आहे, आणि माझ्या मते गिटचे खरे वैभव तेच. चुकून रद्द केलेली नोंद ‘रेफलॉग’ नावाच्या रोजनाम्यात निदान महिनाभर सापडते, ही त्यातली आणखी एक सोय. मात्र जे काम गिटकडे कधी सोपवलेच नाही, त्याला तीही काही करू शकत नाही.

इतिहासाचे महत्त्व ‘मॅग्नोलिया’च्या प्रकरणात दिसून आले. लोकांच्या आवडत्या वेबपानांचे दुवे जतन करणाऱ्या या अमेरिकन संकेतस्थळाचा सुमारे अर्ध्या टेराबाइटचा डेटाबेस ३० जानेवारी २००९ रोजी भ्रष्ट झाला. बॅकअप होता, पण तो अस्सलात जे असेल ते तसेच्या तसे उतरवून घेणारा असल्यामुळे भ्रष्ट फाईल इमानाने नकलेतही उतरली. तेथील सदस्यांना आपले काही दुवे परत मिळाले, ते इतरत्र उरलेल्या सार्वजनिक प्रतींतून. डिस्कांची जोडी लावून एकीचे प्रतिबिंब दुसरीवर ठेवण्याच्या पद्धतीवर जे विसंबतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे: प्रतिबिंबाने डिस्क बंद पडण्यापासून रक्षण होते, मालकाच्या हातून होत नाही.

नक्कल कोठे ठेवावी, याचे उत्तर फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे १० मार्च २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीने दिले. ओव्हीएच कंपनीची पाच मजली सर्व्हर-इमारत भस्मसात झाली, सुमारे ३६ लाख संकेतस्थळे बंद पडली, आणि पैसे मोजून बॅकअप घेणाऱ्या काही गिऱ्हाइकांना असे समजले, की आपली नक्कलही त्याच आवारात होती. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम, की प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या माध्यमांवर असाव्यात आणि एक तरी दुसऱ्या गावी असावी, सर्वांना पाठ असतो. पण ‘क्लाउड’ हीही कोठल्या तरी गावातील एक इमारतच असते, याचे विस्मरण पडते.

ज्यांनी काहीच ठेवले नाही, त्यांना इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’चा आधार असतो. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये ही संस्था स्थापिली, तेव्हापासून ती वेबपानांच्या प्रती घेत आली आहे. परंतु तिला दिसते ते वाचकाला दिसते तेवढेच. पडद्यामागचा पीएचपी प्रोग्राम आणि डेटाबेस तिच्या हाती लागत नाहीत. जुन्या मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत तर आणखी एक पेच आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी पाने खासगी फॉन्टांत लिहिली जात. फाईलीत असत लॅटिन चिन्हे, आणि देवनागरी दिसे ती फॉन्टच्या करामतीने. पान संग्रहात मिळाले आणि फॉन्टची फाईल मिळाली नाही, म्हणजे समोर येतो तो निरर्थक चिन्हांचा गोंधळ. तोच फॉन्ट कोणाकडे जपून ठेवलेला आढळला, तर त्यातल्या चिन्हांची कोष्टके लावून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. ते काम चिकाटीचे आहे, अशक्य नाही.

आज आपल्याकडील पुष्कळ लहान संकेतस्थळे वर्डप्रेसवर चालतात, आणि त्यांचे मालक एफटीपीने सगळे फोल्डर उतरवून घेऊन निश्चिंत होतात. त्या फोल्डरांत छायाचित्रे असतात, मांडणीच्या फाईली असतात, लेख नसतात. लेख असतात मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये, आणि त्याची नक्कल स्वतंत्रपणे काढावी लागते. ती काढल्यावर फाईलीचा आकार पाहून समाधान मानू नये; एखाद्या मोकळ्या संगणकावर सारे संकेतस्थळ त्या नकलेवरून उभे करावे, आणि एक जुना, जोडाक्षरांनी भरलेला लेख उघडून वाचावा. देवनागरीऐवजी टोप्या घातलेली परकी लॅटिन अक्षरे दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. बाइट बहुधा शाबूत असतात, त्यांचा अर्थ लावण्याची पद्धत तेवढी चुकलेली असते, आणि ती दुरुस्त होते. पण नक्कल काढतानाच मजकूर जुन्या लॅटिन-१ पद्धतीत बदलला गेला असेल, तर ज्या चिन्हाला त्या पद्धतीत जागा नाही त्याच्याऐवजी प्रश्नचिन्ह बसते, म्हणजे तीन बाइटांच्या जागी ६३ हा एकच बाइट. ‘मराठी’ या शब्दाची अशा वेळी पाच प्रश्नचिन्हे होतात, आणि त्यांतून तो शब्द परत काढण्याचा मार्ग नाही. मग आधीच्या महिन्याची नक्कल शोधावी लागते. आणि तीही त्याच आज्ञेने काढलेली असेल, तर तिच्यातही हीच पाच प्रश्नचिन्हे सापडतात.