पात्यांच्या कक्षेतील हात : इंजिनवरच्या रिमोट हेलिकॉप्टरविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

धुळे–सोलापूर महामार्गावरील वडीगोद्रीच्या (ता. अंबड, जि. जालना) परिसरात कापूस, ऊस आणि मोसंबीच्या शेतांमधून जिथे मोकळी जमीन सापडते, तिथे रिमोटवरचे हेलिकॉप्टर उडवणे ही मुलांची निरुपद्रवी करमणूक आहे, असे पाहणाऱ्याला सहज वाटू शकते. बॅटरीवरच्या तळहाताएवढ्या खेळण्यापुरते ते बहुतांशी खरेही आहे. परंतु 15 सीसी इंजिनाचे, सुमारे 5 किलो वजनाचे हेलिकॉप्टर हे यंत्र आहे, आणि त्याला यंत्र म्हणूनच वागवावे लागते. त्याच्या मुख्य पात्यांच्या वर्तुळाचा व्यास 1.5 मीटर धरला आणि ती मिनिटाला 1800 फेरे घेत आहेत असे मानले, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे 500 किलोमीटर होतो. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या एका उद्यानात सप्टेंबर 2013 मध्ये 19 वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला, तो त्याच्याच रिमोट हेलिकॉप्टरचे पाते डोक्याला लागून. आणि तो नवशिका नव्हता.

दुसरा गैरसमज असा की धोका हेलिकॉप्टर हवेत गेल्यावर सुरू होतो. यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी येथे ऑगस्ट 2021 मध्ये एका हुन्नरी तरुण कारागिराने मोटारीचे इंजिन बसवून स्वतः हेलिकॉप्टर तयार केले होते. चाचणीच्या वेळी मागच्या पंख्याचे पाते तुटून मुख्य पंख्यावर आदळले, मुख्य पाते त्याच्या डोक्यावर बसले आणि त्यातच त्याचा अंत झाला. ते यंत्र माणूस वाहून नेण्यासाठी होते, रिमोटचे नव्हते. तरीही ते जमिनीवरच होते, ही गोष्ट इथे महत्त्वाची आहे. रिमोट हेलिकॉप्टरमध्येही माणसाचा हात पात्यांच्या कक्षेत जातो तो प्रामुख्याने इंजिन सुरू करतानाच, आणि म्हणून सर्वांत जास्त शिस्त त्या एका मिनिटाला लागते.

‘इंजिन सुरू असूनही पाती स्थिर आहेत, म्हणजे जवळ जाण्यास हरकत नाही,’ हा समज या बाबतीत सर्वांत घातक मानावा लागेल. इंजिन आणि पाती यांच्यामध्ये अपकेंद्री क्लच असतो, म्हणजे फिरण्याचा वेग वाढला की आपोआप पकड घेणारा क्लच. गियर नसलेल्या स्कूटरमध्ये असतो तोच. मंद गतीवर तो सुटा राहतो, परंतु रिमोटवरची थ्रॉटलची दांडी थोडी जरी वर राहिली असेल किंवा उड्डाणातील जास्त वेगाची कळ चुकून चालू असेल, तर इंजिन पेटताक्षणी तो पकड घेतो. म्हणूनच आधी रिमोट आणि मग हेलिकॉप्टरमधील रिसीव्हर चालू करणे, थ्रॉटल तळाला आणणे, वेगाची कळ बंद असल्याची व थ्रॉटल रोखून धरणारी कळ चालू असल्याची खात्री करणे, आणि एका हाताने पात्यांच्या मुळाशी असलेला रोटरचा माथा घट्ट धरूनच दुसऱ्या हाताने विजेचा स्टार्टर लावणे, हा क्रम कधीही मोडू नये. इंजिन अचानक भरधाव सुटले, तर दचकून माथा सोडून देण्याची ऊर्मी होते; नेमके तेच करायचे नसते. माथा तसाच धरून ठेवून इंधनाची नळी चिमटीत दाबावी, म्हणजे इंधन तुटून इंजिन बंद पडते. ही नळी कुठून जाते हे स्टार्टर लावण्यापूर्वीच पाहून ठेवलेले असावे. गळ्यातले उपरणे, ओढणी किंवा सैल बाही या वेळी जवळ नको, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

स्टार्टर अडकला तर अधिक जोर लावावा, असेही मानले जाते. प्रत्यक्षात सिलिंडरमध्ये जास्तीचे इंधन साचलेले असू शकते, आणि द्रव दाबला जात नसल्यामुळे जोर केल्यास आतील दांडा वाकतो. ग्लो प्लग काढून इंजिन फिरवले की ते इंधन बाहेर पडते.

ग्लो प्लग म्हणजे प्लॅटिनमयुक्त बारीक तारेची गुंडाळी. सुरुवातीला ती बॅटरीने तापवतात. पुढे सिलिंडरमधील उष्णता आणि मिथेनॉलची प्लॅटिनमशी होणारी प्रक्रिया यांमुळे ती तापलेली राहते. त्यामुळे ‘इंजिन आहे, तेव्हा पेट्रोल चालेल’ हा तर्क इथे लागू पडत नाही. या इंजिनाचे इंधन मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगण तेल यांचे मिश्रण असते. पेट्रोलवर चालणारी हेलिकॉप्टर-इंजिने वेगळी असून त्यांत ठिणगीचा प्लग असतो. मिथेनॉल हे जहाल विष आहे, ते त्वचेतूनही शरीरात शिरते. मुंबईतील मालवणी येथे जून 2015 मध्ये शंभरहून अधिक बळी गेले ते मिथेनॉल मिसळलेल्या दारूने, हे महाराष्ट्राला माहीत आहे. शिवाय त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. मराठवाड्यातील एप्रिल-मेच्या भर दुपारी, वाळलेल्या गवतावर सांडलेले मिथेनॉल पेटले आहे हे गवत धुमसू लागेपर्यंत कळणारही नाही, म्हणून अग्निशामक हाताशी ठेवणे हा उपचार नसून गरज आहे.

इंधन कमी आणि हवा जास्त केली की ताकद वाढते, हे मर्यादेपर्यंतच खरे आहे. इंधनातले तेलच इंजिनाला वंगण पुरवते. इंधन घटले की वंगणही घटते, आणि तापलेला पिस्टन जाम होतो. धुराची पांढरी रेघ दिसत राहणे हे वंगण पोहोचत असल्याचे लक्षण आहे.

इंजिन हवेत बंद पडले की हेलिकॉप्टर दगडासारखे कोसळते, असेही नाही. पात्यांचा कोन लगेच कमी केल्यास खालून येणारी हवाच त्यांना फिरवत ठेवते आणि त्या साठवलेल्या वेगावर यंत्र उतरवता येते. मात्र त्यासाठी पुरेशी उंची आणि मुद्दाम केलेला सराव लागतो.

‘ड्रोनचे कायदे बॅटरीवरच्या ड्रोनसाठी आहेत’ हा समजही चुकीचा आहे. ड्रोन नियम, 2021 मध्ये रोटरवर उडणारी मानवरहित विमाने येतात, आणि वर्गवारी एकूण वजनावर ठरते: 250 ग्रॅम ते 2 किलो सूक्ष्म, 2 ते 25 किलो लहान. अर्थात 5 किलोचे हेलिकॉप्टर ‘लहान’ गटात मोडते. करमणुकीचे किंवा शिक्षणाचे मॉडेल नजरेच्या टप्प्यातच उडवायचे असते, आणि उड्डाणापूर्वी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर त्या जागेचा रंग, म्हणजे तिथे उड्डाणाला मुभा आहे की निर्बंध, हे पाहावे लागते. विजेच्या तारा आणि महामार्ग मात्र नकाशावर नव्हे, प्रत्यक्ष जागेवर उभे राहून पाहायचे असतात.

उतरल्यावर इंजिन बंद करावे, पाती पूर्ण थांबेपर्यंत कोणालाही जवळ येऊ देऊ नये, मग रिसीव्हर बंद करावा आणि रिमोट सर्वांत शेवटी. टाकीत उरलेले इंधनही काढून घ्यावे, कारण मिथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि तसेच ठेवलेल्या इंजिनाचे बेअरिंग गंजते.