भिंतीपलीकडचे कान

"वकीलसाहेब, या खोलीत मी फक्त तुम्हाला सांगितलेला आकडा माझ्या दिरांना कसा कळला?"

२०१९च्या पावसाळ्यात एका विधवा बाईंनी विचारलेला हा प्रश्न अजून माझ्या कानात आहे. नवऱ्याच्या वाट्याच्या घरासाठी आणि जमिनीसाठी त्यांनी वाटपाचा दावा लावला होता. तडजोडीची बोलणी सुरू होती. अगदीच वेळ आली तर किती रकमेवर थांबायचे, ते आम्ही एका कागदावर लिहून ठेवले होते. पुढच्या बैठकीत समोरच्यांनी नेमका तोच आकडा देऊ केला. एक रुपया कमी नाही की जास्त नाही!

माझा पहिला संशय कारकुनावर गेला. सत्तावीस वर्षे माझ्याकडे इमानाने काम केलेल्या माणसाला मी आडून आडून प्रश्न विचारले, याची आजही लाज वाटते.

खरा प्रकार उलगडला तो कॉम्प्युटर शिकणाऱ्या भाच्यामुळे. पक्षकारांना ताटकळावे लागते म्हणून बाहेरच्या बाकासमोर वाय-फायचा पासवर्ड मीच भिंतीवर चिकटवला होता. स्कॅन केलेला प्रत्येक कागद ज्या फोल्डरमध्ये जाई, तो त्याच वाय-फायवर कोणालाही उघडता येत होता. भाच्याने मला खाली चहाच्या टपरीपाशी नेले आणि आपल्या मोबाइलवर तो कागद उघडून दाखवला. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. आधीच्या बैठकीला आलेला दिरांचा मुलगा त्याच बाकावर तासभर मोबाइल घेऊन बसला होता. त्यानेच तो कागद पाहिला, याला पुरावा काही नाही. कोर्टात हा मुद्दा मिनिटभरही टिकला नसता. पण कपाट मी उघडे टाकले होते, एवढे मात्र खरे.

अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय वकिलाने उघड करू नये, हा आमच्या धंद्याचा पाया. १८७२च्या पुरावा कायद्यात हा नियम कलम १२६मध्ये होता. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम १३२मध्ये आहे. बेकायदा हेतूने सांगितलेल्या गोष्टींसारखे अपवाद सोडले, तर वकिलाचे काम संपले तरी हे बंधन संपत नाही. ते कारकुनालाही लागू आहे. पण कायदा माणसाच्या तोंडाला कुलूप लावू शकतो; भिंत ओलांडून जिन्यापर्यंत जाणाऱ्या लहरींना ते कोण लावणार?

ही अडचण काही आजची नाही. आपले बिनतारी संदेश इतरांपासून सुरक्षित राहतात, असे मार्कोनी सांगत असे. जून १९०३मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याचा सहकारी फ्लेमिंग व्याख्यान देत होता आणि दूर कॉर्नवॉलहून मार्कोनीचा संदेश यायचा होता. तो येण्याआधीच यंत्र 'रॅट्स, रॅट्स' असे बडबडू लागले! नेव्हिल मॅस्केलिन नावाच्या जादूगाराने मध्येच आपले संदेश घुसवून त्या दाव्याची हवा काढून घेतली होती.

वाय-फायचे कुलूपही असेच बदलत आले. १९९७चे पहिले कुलूप, डब्ल्यूईपी, कसे फुटते ते २००१मध्ये तीन संशोधकांनी दाखवले. २००४मध्ये डब्ल्यूपीए-२ आले. २०१७मध्ये बेल्जियमच्या एका संशोधकाने त्यातही फट दाखवली. २०१८मध्ये डब्ल्यूपीए-३ जाहीर झाले. पण पासवर्डच भिंतीवर लावला, तर चांगले कुलूपही काय करणार?

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे वकील आहोत? पण २६ जुलै २००८ला अहमदाबादेत स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटे आधी गेलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या वाय-फायवरून गेल्याचे तपासात दिसले. त्या घरात राहणाऱ्या परदेशी गृहस्थाचा त्याच्याशी संबंध नव्हता. त्याचे वाय-फाय दुसऱ्याच कोणी वापरले होते. तरी पोलीस आधी त्याच्याच दारात गेले.

उपाय अवघड नाहीत. वाय-फायच्या पेटीसोबत आलेला मूळ पासवर्ड बदलावा. कुलूप डब्ल्यूपीए-२ किंवा ३ आहे ना, हे पाहावे. पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय ठेवावे आणि आपले फोल्डर त्यावर दिसू देऊ नयेत. पेटीची नवी दुरुस्ती आली की ती लगेच घालून घ्यावी. स्टेशनवर किंवा हॉटेलात बसून महत्त्वाचे कागद पाठवायचे असतील, तर आपल्या मोबाइलचेच इंटरनेट वापरावे. आणि तुमचे मृत्युपत्र, खरेदीखत किंवा घटस्फोटाचे कागद ज्यांच्याकडे आहेत, त्या वकिलांना एकदा विचारा, "साहेब, आमचे कागद कुठे ठेवता?" त्यांना राग आला तरी चालेल.

त्या बाईंना मी सारे सांगितले, फीही घेतली नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही कबूल केलंत हे बरं केलंत. पण तो आकडा आता परत पोटात जाणार आहे का?"

तडजोड त्याच आकड्यावर झाली. संध्याकाळी मी भिंतीवरचा कागद फाडला आणि कारकुनाची माफी मागितली. "असू द्या साहेब," एवढेच म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या तारखांची यादी पुढे ठेवली.