सायकलची फ्रेम कोणत्या धातूची घ्यावी?



गेल्या पावसाळ्यात आपल्या शाळेतील इयत्ता नववीचा एक विद्यार्थी वळणावरच्या गतिरोधकावर सायकलवरून पडला. मनगटाचे हाड मोडले. डोक्याला लागले नाही, हे दैव. सायकल उचलली तेव्हा हँडलच्या खालच्या जोडाजवळ फ्रेम तुटलेली होती. सायकल अ‍ॅल्युमिनियमची, जेमतेम दोन वर्षांची. त्या जोडाला पूर्वी एकदा तडा गेला होता व तो वेल्डिंग करून घेतला होता. वेल्डिंगशेजारची नवी रेघ आम्ही स्वतः स्टँडवर पाहिली होती. रंगाचा ओरखडा समजून पुढे गेलो. ती चूक आमची. तेव्हापासून अनेक पालक विचारतात, "सर, मग फ्रेम घ्यावी तरी कशाची?" त्याचे हे उत्तर.

आपल्या इंदुरात दूरच्या कॉलन्यांतून येणाऱ्या मुलांची सायकल खड्डे, गतिरोधक, कॅरिअरवरचे दप्तर आणि (आम्ही कितीही रागावलो तरी) डबलसीट हे सर्व रोज सोसते. तेव्हा पाहायचे ते वजन नव्हे, सोसण्याची ताकद.

अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचे असते. पण त्याचा ताठपणाही सुमारे एक तृतीयांशच असतो. ही उणीव भरून काढण्यासाठी त्याच्या नळ्या जाड व्यासाच्या करतात. दुकानदार जाड नळी दाखवून "मजबूत माल" म्हणतो. खरे तर ती जाडी त्या धातूची गरज आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. विद्यार्थ्यांनी एक तार घेऊन तीच जागा पुन्हा पुन्हा वाकवून पाहावी. एका वाकवण्याने न तुटणारी तार काही वेळाने तुटते. याला धातूचे थकणे म्हणतात. फ्रेमवर बसणारे हादरे याहून पुष्कळ लहान असतात, पण ते लाखोंनी बसतात. एकोणिसाव्या शतकात आगगाड्यांचे आस तुटू लागले, तेव्हा जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी याचा पद्धतशीर अभ्यास केला. पोलादाला एक मर्यादा असते. हादरे त्या मर्यादेच्या आत राहिले तर ते जवळजवळ कितीही सोसते. अ‍ॅल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नाही. प्रत्येक लहान हादरा त्याच्या खात्यावर जमा होत जातो. म्हणून चांगले कारखाने त्यात मुद्दाम जास्त धातू ठेवतात, आणि अशा फ्रेम वर्षानुवर्षे टिकतातही. स्वस्त मालात मात्र हीच काळजी कमी पडण्याची भीती असते.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. फ्रेमच्या अ‍ॅल्युमिनियमला बहुधा भट्टीतील उष्ण प्रक्रियेने बळ आलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारचे ते बळ जाते. कारखान्यात ते परत आणण्यासाठी संपूर्ण फ्रेमवर पुन्हा प्रक्रिया करतात. रस्त्यावरच्या दुकानात ते शक्य नाही. आपल्या विद्यार्थ्याची फ्रेम वेल्डिंगच्या शेजारीच तुटली, त्यात नवल नव्हते. साधे पोलाद मात्र गावोगावचा कारागीर नीट जोडू शकतो.

पोलादातही प्रकार आहेत. साधे पोलाद जड पण सोशिक. क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेले 'क्रोमोली' अधिक बळकट, म्हणून नळी पातळ व हलकी करता येते; किंमत अर्थातच जास्त. टोकांना जाड व मध्ये पातळ अशा नळ्यांचे पेटंट इंग्लंडमध्ये १८९७ साली रेनॉल्ड्स यांनी घेतले. जोर जोडावर येतो, म्हणून धातू तेथेच ठेवावा, हा त्यामागील साधा विचार. कार्बन फायबर फार हलके, पण आपटल्यावर आतले थर सुटले तरी वरून दिसेलच असे नाही. टायटॅनियम उत्तम, पण शाळकरी मुलासाठी परवडणारे नाही.

सारांश, रोजच्या कठीण वापरासाठी आमचा कौल पोलादाला. त्याचा शत्रू गंज. पावसाळ्यानंतर सीट काढून सायकल उलटी करावी, नळीतले पाणी निथळू द्यावे व आत थोडे तेल सोडावे.

फ्रेम कोणतीही असो, महिन्यातून एकदा ती पुसून चार जागा पाहाव्यात: हँडलखालचे जोड, पायडलच्या धुऱ्याभोवतीचे जोड, सीटखालची नळी आणि मागच्या चाकाची टोके. रंगात केसासारखी रेघ दिसली किंवा नवीन करकर ऐकू आली, तर त्या दिवशी सायकल चालवू नये. सीट उंच करताना दांड्यावरची खूण नळीच्या बाहेर दिसता कामा नये.

विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की गरजू विद्यार्थ्यांना द्यावयाच्या सायकली या वर्षी पोलादी फ्रेमच्याच घ्याव्यात, दिसायला साध्या असल्या तरी. आणि विद्यार्थ्यांनो, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मधल्या सुट्टीत आम्ही स्टँडवर असू. सायकली घेऊन या. प्रत्येक रेघ या वेळी वाकून पाहू.