कुटुंबोपचाराची अर्धवेळ डॉक्टरेट

सोळा वर्षांची मुलगी अन्नास शिवेनाशी झाली, म्हणजे वैद्य मुलीला तपासतो. परंतु मुलीबरोबर आई, वडील, धाकटा भाऊ आणि जमल्यास आजी, अशा सर्वांनाच एका खोलींत बसवून बोलतें करणारी एक विद्या पश्चिमेकडे गेल्या पाऊणशें वर्षांत वाढीस लागली आहे. तिला कुटुंबोपचार म्हणतात. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधील डॉ. जॉन बोल्बी यांनीं १९४९ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत तिची चाहूल स्पष्ट लागते. दीर्घकाळ उपचार करूनहि जेथें पाऊल पुढें पडेना, अशा एका मुलाच्या बाबतींत त्यांनीं मुलास व आईबापांस समोरासमोर बसविलें, आणि अडलेलें गाडें हाललें.

या विद्येंतील सर्वोच्च पदवी ब्रिटनमध्यें नोकरी सांभाळून मिळवितां येते. वाट मात्र लांबची आहे. परिचारिका, समाजकार्यकर्ती, मानसशास्त्रज्ञ किंवा डॉक्टर म्हणून आधीं काम केलेल्या माणसास कुटुंबोपचारक होण्यासाठीं साधारणतः चार वर्षें शिकावें लागतें. त्यावर या व्यावसायिक डॉक्टरेटचीं आणखी कांहीं वर्षें. टॅव्हिस्टॉक क्लिनिकनेंहि असा अभ्यासक्रम चालविलेला आहे. ‘अर्धवेळ’ हा शब्द बहुधा एखाद्या विद्यापीठाच्या कचेरींत जन्मला असावा. दिवसभर दुसऱ्यांच्या घरचीं भांडणें ऐकून आलेली बाई रविवारीं टिपणें घेऊन बसते, तेव्हां तिच्या मुलांना आई अर्धवेळ मिळते, एवढाच काय तो त्याचा अर्थ!

नेहमींची पीएच्. डी. आणि ही पदवी यांत मोठा भेद आहे. येथें संशोधनाचा प्रश्न ग्रंथांतून शोधावयाचा नसतो. तो रोजच्या कामांत बोचलेला असावा लागतो. उपचारास आलेल्या घरांतील वडील बहुधा गप्प कां बसतात? दुभाष्याच्या मदतीनें बोलणाऱ्या कुटुंबाचें म्हणणें वाटेंत किती गळतें? अशा प्रश्नांसाठीं आठ-दहा माणसांशीं सविस्तर बोलून त्यांच्या शब्दांचें बारकाईनें पृथक्करण करतात. आंकड्यांवरच विश्वास ठेवणाऱ्यांस हें थोडें वाटेल. आमच्या मतें घरगुती दुःखाचा ठाव आंकड्यांनीं क्वचितच लागतो.

या शिक्षणांतील एक भाग आपल्या वाचकांस विशेष ओळखीचा वाटेल. विद्यार्थ्यास स्वतःच्या घराण्याच्या तीन पिढ्यांचा आराखडा काढावा लागतो. त्यास ‘जिनोग्राम’ म्हणतात. आपल्याकडील कुलवृत्तांतांत जन्म, विवाह आणि हुद्दे यांची नोंद असते. जिनोग्राममध्यें कोणी कोणाशीं बोलणें टाकलें, याचीहि रेघ असते. ती रेघ ओढतांना भल्याभल्यांचा हात थबकतो.

खरी अडचण पुढेंच आहे. जें कुटुंब दुःखनिवारणासाठीं आलें, त्यालाच ‘तुमच्याविषयीं लिहूं का?’ असें विचारावयाचें. ज्याच्या हातीं आपल्या मुलीचा उपचार आहे, त्याला नाहीं म्हणण्याचें धैर्य किती आईबापांस होईल? म्हणून तेथें नैतिक समितीची परवानगी आधीं घ्यावी लागते, आणि नकार दिला तरी उपचारांत अंतर पडणार नाहीं, हें कुटुंबास लेखी सांगावें लागतें. लेखी दिल्यानें भीड मोडतेच असें नाहीं.

या विषमतेवर नॉर्वेंतील ट्रॉम्सो येथील डॉ. टॉम अँडरसन यांनीं १९८५ सालीं एक साधा उपाय केला होता. एका बाजूनेंच दिसणाऱ्या कांचेमागें बसून तज्ज्ञांनीं कुटुंबाकडे पाहावें, ही तोंवरची रीत. त्यांनीं दिवे उलटे लावले आणि आवाजाची दिशा फिरविली. आतां तज्ज्ञ आपसांत काय बोलतात, तें कुटुंब कांचेंतून पाहूं-ऐकूं लागलें. कुटुंबाचीं व्यंगें ज्या स्वरांत मागें चर्चिलीं जात, तो स्वर त्या दिवशीं तज्ज्ञांस आपोआपच बदलावा लागला.

प्रबंधालाहि असेच दिवे उलटे लावण्याची गरज आहे. ब्रिटनमधील प्रबंध हल्लीं बहुधा विद्यापीठाच्या संगणकीय भांडारांत कोणासहि वाचावयास खुले असतात. नांवें बदललेलीं असलीं, तरी त्या घरांतील मुलगी मोठी झाल्यावर आपली कहाणी पहिल्या परिच्छेदांतच ओळखील. म्हणून कांहीं संशोधक प्रबंध सादर करण्यापूर्वीं संबंधित प्रकरण त्या कुटुंबास वाचावयास देतात. आणि त्यांनीं एखाद्या पानावर काट मारली, तर तें पान जातें.